घराचं शेत

बांतांकोतो,
ता. १५ जानेवारी १९८४

माझी आळशी दासी नीमा हिस तिच्या धनिणीचा सप्रेम सलाम. वि. वि.

पाऊसकाळ संपून इतके दिवस झाले तरी तुझं पत्र नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. सेरेकुंडाच्या बाजारात दिवसभर लोकांना भात वाढणाऱ्या बाईला चार ओळी खरडायला सवड नसेल, हे मी समजू शकते. तुझ्या तेंदाकोलोन गावची माणसं पत्र आलं की आधी चाटून बघतात आणि गोड लागलं तरच वाचतात, असं आमच्या बांतांकोतोत म्हणतात. रागावू नकोस. रागावताही येणार नाही तुला. आपल्या दोन गावांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाटेल ते बोलायचं आणि ऐकणाऱ्याने हसून सोडायचं, ही रीत आपल्या जन्माआधीपासूनची. त्यातून आपण मामे-आतेबहिणी, म्हणजे मला दुप्पट परवाना.

आता बातमी. दलदलीत परदेशी मदतीचा प्रकल्प आला. नदीवर पंप बसला, पाट खणले, आता उन्हाळ्यातही भात निघणार. शिवाय भात कांडायची गिरणी येणार आहे. उखळाशी उभं राहून माझे खांदे बैलासारखे झाले आहेत, त्यामुळे गिरणीचं नाव ऐकून मी साताठ बायकांसकट नाचले. शिकवायला लिनसाहेब म्हणून लांब पूर्वेकडचे एक गृहस्थ आले आहेत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्याबरोबर चिखलात उतरतात. म्हाताऱ्या बायकांनी त्यांची लावणी वाकून वाकून तपासली आणि खोड सापडली नाही म्हणून नाराज होऊन घरी गेल्या.

मागच्या शुक्रवारी पारावर बैठक झाली. वर थोरले बसले होते, खाली आम्ही. राजधानीहून, बंजूलहून आलेल्या तरुण साहेबाने दलदलीचा एकेक तुकडा दाखवून विचारलं की हा कुणाचा. सगळ्या बायकांनी सांगितलं, घराचा. मीही तेच सांगितलं. माझे थोरले दीर कारामो भाऊजी समोर बसलेले असताना 'माझं' म्हणायला जीभ कशी रेटणार? आईने लव्हाळं उपटून ते शेत स्वतः काढलं, मला दिलं, आणि मी लग्न होऊन दोन घरं पलीकडे आले तेव्हा तेही माझ्याबरोबर आलं, हे काय गावाला सांगायला हवं?

आणखी एक. हसू नकोस. चार मुलगे झाले, धाकटा सात वर्षांचा झाला, आणि आता मे महिन्यात पुन्हा पाळणा हलणार आहे. नवरोबा साना लाजून मशिदीतही मागच्या रांगेत बसतो.

सेरेकुंडाच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर एक पोतं तांदूळ पाठवते आहे. कळावे. लोभ आहेच, तो माझ्या बाजूने जास्त आहे, तेवढं फेड.

तुझी धनीण,
तिदा

---

सेरेकुंडा,
ता. २९ जानेवारी १९८४

चि. तिदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वादच लिहिणार. मी तुझ्यापेक्षा एका पावसाळ्याने मोठी आहे आणि गुलामांना सलाम करायची आमच्यात पद्धत नाही.

बातमी वाचून हसले, मग दोन्ही हात पसरून दुवा मागितली. या वयाला जपून राहा. सानाला सांग, मागच्या रांगेत बसून काही लपत नसतं.

तांदूळ मिळाला. चव तीच, मामाकडच्या अंगणातली. माझ्या गिऱ्हाइकांना परदेशी कणी खायची सवय झाली आहे. पांढरी, मोकळी, आणि चव पाण्याची. मी तुझा तांदूळ माशाबरोबर शिजवला तर बंदरावरचा एक हमाल ताट चाटून म्हणाला की आज त्याची आई आठवली. लगेच दुसऱ्याच्या दाताखाली खडा आला आणि त्याला माझी आई आठवली. तेव्हा भात रस्त्यावर वाळवणं सोडा. तुमच्या लिनसाहेबांना सांग, गिरणीच्या आधी आमच्या दातांची सोय करा.

तिदा, आता थट्टा बाजूला ठेवते. तू पारावर जे सांगितलंस ते मला मुळीच आवडलं नाही. गावाला ठाऊक असतं म्हणून गावात बोलावं लागत नाही. पण तो साहेब गावचा नाही. इथे शहरात मी रोज बघते, साहेबापुढे एकदा तोंडातून गेलं की ते दगडावरचं होतं. तू मर्यादा पाळलीस, त्याने मालकी ऐकली. उद्याच्या उद्या त्याला गाठ आणि सांग की ते शेत तुझं आहे. भाऊजींना वाईट वाटेल तर वाटू दे, त्यांना काय ताप येणार आहे?

पत्राचं उत्तर लवकर. माझा जीव तुझ्यात अडकला आहे हे तेंदाकोलोनात कुणाला सांगू नकोस, माझी लाज जाईल.

तुझी थोरली,
नीमा

---

बांतांकोतो,
ता. ४ मार्च १९८४

ति. नीमाताई हिस साष्टांग सलाम. वि. वि.

यावेळी तुला थोरली म्हणते, कारण तुझं खरं झालं.

साहेबाकडे गेले होते. तो चांगला बोलला, बसायला खुर्ची दिली. म्हणाला की तुम्ही सगळ्यांनी स्वतःच सांगितलंत, आता नकाशे छापून आले. जुने बांध मोडून सगळी दलदल एकसारखी सपाट केली आहे. आईचं शेत कुठे सुरू व्हायचं आणि कुठे संपायचं, ते आता मलाही दाखवता येणार नाही. घरागणिक नवी खाचरं वाटली. आमच्या घराला चार मिळाली, चारही कारामो भाऊजींच्या नावावर.

पूर्वी कसं होतं ते तुला ठाऊक आहे. सकाळी घराच्या शेतात राबायचं, ते भात घराच्या कोठारात. दुपारनंतर आपल्या शेतात, ते भात आपलं. आता सगळंच घराचं. लावणी झाली, खत टाकलं, पोट घेऊन मी दिवसभर वाकते, आणि त्यातली एक लोंबीसुद्धा माझी नाही. पाहुणा आला तर जाऊबाईंकडे तांदूळ मागायला जायचं. मुलाला सदरा हवा तर भाऊजींपुढे उभं राहायचं.

मी सानाला सांगितलं. तो भावाकडे गेला, बराच वेळ शेजारी बसला आणि भुईमुगाबद्दल बोलून परत आला. मग मीच गेले. भाऊजी वाईट माणूस नाहीत, त्यातच सगळी पंचाईत आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले की तिदा, हे शेत आईकडून लेकीकडे जायचं असतं, तुला तर चार मुलगे. तू गेल्यावर ते घरातच येणार होतं, आज आलं एवढाच फरक. आणि तुला एकटीला परत दिलं तर उद्या घरातली प्रत्येक सून दारात उभी राहील.

मला भयंकर राग येतो, नीमा. आई गेली तेव्हा तिच्या बांगड्या बहिणींनी घेतल्या, मला शेत आधीच दिलेलं होतं. तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि ते मी सभ्यपणापायी एका शब्दात घालवलं.

तुझा लोभ असाच राहू दे. सध्या दुसरं काही मागत नाही.

तुझी
तिदा

---

सेरेकुंडा,
ता. १८ मार्च १९८४

श्री. रा. रा. कारामो दार्बो, बांतांकोतोचे नामांकित खादाड, यांस तेंदाकोलोनच्या नीमा सानेह हिचा सलाम. वि. वि.

आपली प्रकृती उत्तम असेलच. दुसऱ्यांच्या ताटातलं खाणाऱ्यांची असतेच.

इकडे बाजारात बोललं जातं की बांतांकोतोत आता पाणघोडे रात्री येत नाहीत, दिवसा येतात, हातात जपमाळ असते आणि बायकांची शेतं खातात. मी कुणालाही सांगितलं नाही की तो पाणघोडा माझ्या ओळखीचा आहे. तेवढी माझी भलाई लक्षात ठेवा.

तर माझ्या गुलामा, पत्र लिहिण्यास कारण की, मला एक शेत हवं आहे. आपल्या दोन गावांत मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायची पद्धत नाही, हे आपल्याला मी शिकवावं असं नाही. तिदाच्या आईचं शेत तिदाला परत करावं, एवढीच मागणी.

घरात सर्वांना यथायोग्य. दात शिल्लक असतील तर सांभाळा. आपल्यावर माझा लोभ आहे, कारण आपल्या गावावर लोभ करणारं दुसरं कुणी नाही.

नीमा

---

बांतांकोतो,
ता. ६ एप्रिल १९८४

माझी लठ्ठ दासी नीमा हिस कारामो दार्बो याचा सलाम. वि. वि.

बोलतो मी आहे, लिहितो शाळामास्तर. मास्तरांना तुझं पत्र वाचताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. ते पत्र मी पारावरही वाचून घेतलं. लोक खूष झाले. तुझ्या बापाची जीभ अशीच होती, अल्ला त्याला जन्नत देवो.

पण मुली, कागदावर मागणं हे मागणं नव्हे. कागदावर मागायला सरकार आहे. आपल्यात मागायचं ते तोंडाने, समोर येऊन, चार लोकांत. तू शहरात जाऊन एवढी सुटलीस की नावेत मावणार नाहीस, हे मी समजतो. तेव्हा तू येणार नाहीस आणि मला द्यावं लागणार नाही. दोघांचीही सोय झाली.

तिदाला जास्त वाकू नको म्हणून मी सांगितलं आहे. ती ऐकत नाही, कारण तिची आई तुमच्या गावची.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

कारामो

---

बांतांकोतो,
मंगळवार, ता. ८ मे १९८४

प्रिय तिदा, दवाखान्यात खाटेवर पडून वाचशील म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. स. स. वि. वि.

मी काल संध्याकाळी इथे पोचले, आणि समजलं की पाय सुजले म्हणून तुला रविवारीच बानसांगला नेलं. चुकामूक झाली याचं वाईट वाटलं. मुलं ठीक आहेत. जाबूवहिनी त्यांना स्वतःच्या मुलांआधी वाढते; तुझी जाऊ सोन्यासारखी आहे.

आता ऐक. आज मंगळवार, तुमच्या घराची पाण्याची पाळी. लोंब्या बाहेर पडायचे दिवस, खाचरात पाणी हवंच. मी सकाळी गेले आणि पाटातून तुमच्या खाचरात पाणी जातं त्या तोंडाशी बसले. माझ्या देहावरून तू आयुष्यभर बोलत आलीस, आज तो कामी आला. एक थेंब पलीकडे जाईना. पाणी माझ्या कमरेपर्यंत चढलं आणि पाटातून शेजाऱ्याच्या बाजूला वाहायला लागलं.

लिनसाहेब धावत आले. ते काय म्हणाले ते कळलं नाही, पण हात जोडत होते. बंजूलचा साहेब आला आणि म्हणाला की आत्या, उठा, वेळापत्रक बिघडतं. मी त्याला सांगितलं की बाळा, ही तुझ्या वेळापत्रकाच्या आधीची भानगड आहे, तू सावलीत बस. बायका लावणीची गाणी म्हणायला लागल्या. अर्धा गाव बांधावर गोळा झाला.

मग कारामो आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पाणघोडा शिरला असं कळल्यावर बंदूक आणायला चाललो होतो, जवळ आल्यावर कळलं की हा तेंदाकोलोनचा आहे, याला गोळी लागत नाही. लोक हसून हसून खाली बसले. मी म्हटलं की पाणघोडा आपलं कुरण मागायला आला आहे, समोर येऊन, तोंडाने, चार लोकांत. कागद नाही.

कारामो हसायचे थांबले. एकदा लोंब्यांकडे बघितलं, एकदा लोकांकडे. मग म्हणाले की दिलं. पाटाजवळचं खाचर या भुकेल्या बाईला दिलं, तिच्या हयातीपर्यंत. पण माणूस हुशार आहे, तिदा. त्याच दमात अट घातली की हे नीमाला दिलं, तिदाला नाही. नीमाने ते या घरातल्या कुठल्याही सुनेला देऊ नये, आणि नीमा गेल्यावर ते घरात परत यावं. मी पाण्यात बसून कुडकुडत होते. मी हो म्हटलं. साहेब म्हणाला की बाहेरगावच्या बाईचं नाव त्याला वहीत घालता येणार नाही. कारामो त्याला म्हणाले की वही तुझी आहे, जमीन आमची आहे.

तेव्हा राणी, खाचर मिळालं, पण माझ्या नावाने. तू कर, पिकव, सगळं भात तुझं. उद्या पहाटेच्या गाडीने मला परतायला हवं, चूल दोन दिवस बंद आहे. सुखरूप सुटल्याचं लगेच कळव.

तुझ्यासाठी भिजलेली,
नीमा

---

बानसांग,
ता. ११ मे १९८४

प्रिय नीमास सप्रेम सलाम. वि. वि.

मुलगी झाली. आज सकाळी. दोघी ठीक आहोत.

तुझं पत्र काल मिळालं. तू पाण्यात बसलीस ते वाचून एवढी हसले की परिचारिका बघायला आली. मग पुढचं वाचलं आणि रडले. तुला राग येणार नाही म्हणून खरं लिहिते. माझ्यासाठी एवढं कुणीच केलं नसतं. पण आयुष्यभर मी तुला दासी म्हणत आले आणि आता खरोखरच तुझ्या शेतात राबणार. तू वाटा मागणार नाहीस, ठाऊक आहे. तरी ते माझं नाही. तुला काही झालं की भाऊजींची मुलं दुसऱ्या दिवशी बांधावर उभी राहतील. म्हणजे तुझ्या आयुष्यासाठी मी दुवा मागायची ती आता भातासाठीसुद्धा, याची मला लाज वाटते.

आणि बघ, मुलगी मागत होते तेव्हा झाली नाही. झाली तेव्हा तिला द्यायला काही नाही. सकाळपासून तिचा चेहरा बघते आहे आणि हाच विचार डोक्यात येतो. आईचं नाक आलं आहे.

दुपारी साना आला होता. तुला ठाऊक आहे, तो फार बोलत नाही. मुलीला मांडीवर घेऊन बसला, आणि जाताना म्हणाला की नाव नीमा ठेवायचं. मी विचारलं की भाऊजींना विचारलं का, तर म्हणाला की बापाने नाव ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही. एवढं मोठं वाक्य तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला.

बारसं पुढच्या शुक्रवारी आहे. तुला पुन्हा यायला जमणार नाही, तरी लिहिते. हे पत्र ड्रायव्हर उद्याच पोचवील. माझ्यावर आहे तेवढाच लोभ आता धाकट्या नीमावरही असू दे.

तुझी
तिदा

---

सेरेकुंडा,
ता. १४ मे १९८४

श्री. रा. रा. कारामो दार्बो यांस. हे पत्र बारशाच्या दिवशी, बाळाच्या कानात नाव सांगून झाल्यावर, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे ही वि. वि.

तमाम थोरल्यांना माझा सलाम. गुलामांनाही.

आपल्या घरात लेक जन्मली आणि तिला माझं नाव दिलंत, याचा मला फार आनंद झाला. आता बांतांकोतोत एक तरी शहाणं माणूस असेल. जिचं नाव ठेवलं तिने बाळाला पहिली भेट द्यायची, चारचौघांत द्यायची, आणि ती भेट कुणी नाकारायची नाही की परत मागायची नाही, ही आपली रीत. मी कोंबडी पाठवणार होते. पण ड्रायव्हर म्हणाला की कोंबडी वाटेत मरेल.

म्हणून दुसरं काहीतरी देते. पाटाजवळचं माझं खाचर मी माझ्या नावाच्या या मुलीला दिलं. ते तिचं, तिच्या पश्चात तिच्या लेकीचं. ती मोठी होईपर्यंत तिच्या आईने ते करावं आणि पिकेल ते मुलीच्या नावाने सांभाळावं.

कारामो, तुमची अट माझ्या लक्षात आहे. कुठल्याही सुनेला द्यायचं नाही. ही सून नाही. ही तुमच्या घरची लेक आहे. तुमचीच आहे, उचलून घ्या तिला. नीमा गेल्यावर खाचर घरात परत यायचं होतं, ते मी जिवंतपणीच घरात दिलं. आणि मला असंही सांगण्यात आलं होतं की हे शेत आईकडून लेकीकडे जायचं असतं, फक्त लेक नव्हती.

माझा एक शब्दही थट्टेचा नाही, हे मास्तरांनी दोनदा वाचावं. सर्वांनी आमीन म्हणावं.

आपली कायमची गुलाम आणि कायमची मालकीण,
नीमा

---

बांतांकोतो,
ता. २४ मे १९८४

नीमा हिस, गुलाम कोण ते अजून ठरायचं आहे, तूर्तास नुसता सलाम. वि. वि.

तुझं पत्र मास्तरांनी वाचलं. आधी मनात वाचलं, माझ्याकडे बघितलं, मग उभं राहून मोठ्याने वाचलं. त्या वेळी मुलगी माझ्याच हातात होती. मी तिला खालीही ठेवू शकत नव्हतो.

मी आमीन म्हणालो. म्हणायला थोडा वेळ लागला, खोटं बोलणार नाही. तेवढ्यात अंगणातल्या बायका ओरडायला लागल्या होत्या आणि साना माझ्याआधीच आमीन म्हणून मोकळा झाला होता. माझा भाऊ माझ्याआधी कधी बोललेला मला आठवत नाही. इमामसाहेबही म्हणाले, मग राहिलं काय?

ही मुलगी लग्न होऊन जाईल तेव्हा खाचर घेऊन जाईल, हे मला कळतं. तेव्हा मी नसेन. माझ्या मुलांनी काय बोलायचं ते तिच्याशी बोलावं. तुझं नाव आहे, उत्तर मिळेल.

तुझ्यामुळे गावात एक नवीन त्रास सुरू झाला आहे. पत्रं लिहून घ्यायला मास्तरांच्या दारात बायकांची रांग लागली आहे. प्रत्येकीची कुठेतरी एखादी थट्टेतली बहीण निघते. जाबू इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे, कधी माझ्यापुढे चालली नाही. परवा जेवण वाढताना तिने विचारलं की तिच्या सासूने दिलेलं शेत या तीन खाचरांपैकी नेमकं कुठे गेलं. मी दोन दिवस विचार केला. टोकाचं एक खाचर तिला दिलं. तुझ्यासारखी आणखी एखादी पाटात बसण्यापेक्षा ते बरं. बंजूलच्या साहेबाने मागच्या रविवारी पुन्हा बैठक घेतली. यावेळी त्याने बायकांना वेगळं बसवून विचारलं. बराच वेळ लागला म्हणतात.

भात ठीक आहे, पुढच्या महिन्यात रोज्यांतच कापणी येईल. गिरणी बसली. लिनसाहेब यंदा भात चटयांवर वाळवायला लावणार आहेत, तेव्हा तुझ्या गिऱ्हाइकांचे दात वाचले.

एक सांगायचं राहिलं. मंगळवारी आपली पाळी होती. मी सकाळी पाण्याच्या तोंडाशी गेलो तर तिदा आधीच तिथे उभी, पाठीवर मुलगी बांधलेली, हातात फावडं. मी रागावलो. म्हटलं की बाळंतिणीने चाळीस दिवस घरात राहायचं असतं, एवढंही कळत नाही का? तिने मान खाली घातली, आपल्या घरच्या सुनेने घालावी तशी. आणि म्हणाली की भाऊजी, मी कुठे आले आहे, मालकीण आपलं शेत बघायला आली आहे, तिला चालता येत नाही म्हणून पाठीवर आणलं.

मी फावडं तिच्या हातातून घेतलं आणि पाणी सोडलं.

येत जा. लोभ करावाच लागेल आता, घरात तुझ्या नावाचं माणूस आहे.

कारामो